डॉ. मेघनाद साहा : किराणा दुकानातून सूर्यापर्यंत



विज्ञानाच्या तासाला वातावरणाचे थर शिकवताना आपण फळ्यावर आकृती काढतो. खाली तपांबर, त्यावर स्थितांबर, मग मध्यांबर, आयनांबर आणि बाह्यांबर. मुलं नावं पाठ करतात, परीक्षेत जोड्या लावतात आणि विसरतात. मागे एकदा सातवीच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, सर, तिकडे वर कोणी गेलंच नव्हतं तर तिथे काय आहे हे कळलं कसं? प्रश्न अगदी रास्त होता. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचत बसलो, आणि वाचता वाचता एका माणसाच्या आयुष्यापाशी येऊन थांबलो. ते म्हणजे डॉ. मेघनाद साहा. आजचा पाठ त्यांच्यावर.

जन्म आणि घर

मेघनाद साहा यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाक्याजवळच्या शेवरातली या खेड्यात झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. जन्माच्या रात्री जोराचं वादळ आणि पाऊस होता, म्हणून पावसाच्या देवावरून मेघनाथ असं नाव ठेवलं, असं सांगतात. पुढे मोठेपणी त्यांनी स्वतःच ते बदलून मेघनाद केलं. मेघनाद म्हणजे रावणाचा मुलगा इंद्रजित. देवाचं नाव सोडून, कपटानं मारल्या गेलेल्या योद्ध्याचं नाव एखादा तरुण का निवडतो, हे त्यांचं पुढचं आयुष्य वाचलं की थोडंफार लक्षात येतं.

वडील जगन्नाथ साहा यांचं गावात छोटंसं किराणा दुकान होतं. आई भुवनेश्वरी देवी. आठ भावंडांत मेघनाद पाचवे. घरात खाणारी तोंडं जास्त आणि मिळकत तुटपुंजी. मुलानं लिहायला, वाचायला आणि हिशेब करायला शिकावं, मग दुकानात बसावं, एवढीच वडिलांची अपेक्षा होती. यात वडिलांची चूक काढायला नको. पोट भरायचं कसं हा ज्यांच्यापुढे रोजचा प्रश्न असतो, त्यांना शाळा ही चैन वाटते. आपल्यापैकी अनेकांनी असे पालक पाहिले आहेत.

शिकवणारे आणि हात देणारे

गावच्या प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांच्या लक्षात आलं की हा मुलगा वेगळा आहे. त्याला पुढे शिकवा, असं त्यांनी घरी सांगितलं. पण पुढची शाळा होती शिमुलिया गावात, सुमारे दहा किलोमीटरवर. रोज जाऊन येणं लहान मुलाला झेपणारं नव्हतं आणि तिथे ठेवायला पैसे नव्हते. तेव्हा मोठा भाऊ जयनाथ पुढे आला. त्यानं शिमुलियातले डॉक्टर अनंतकुमार दास यांना गाठलं. डॉक्टरांनी मुलाला आपल्या घरी फुकट राहायला आणि जेवायला ठेवून घेतलं. अट एवढीच की त्यानं आपलं ताट स्वतः घासायचं आणि घरच्या गाईची देखभाल करायची.

ताट स्वतः घासायचं, ही अट साधी दिसते; पण तिच्यामागे जात होती. साहा कुटुंब त्या काळी खालच्या मानल्या गेलेल्या जातीतलं होतं. ज्या घरानं आसरा दिला, त्याच घरात ही रेघही आखलेली होती. डॉक्टरांचे उपकार मेघनाद पुढे आयुष्यभर मानत राहिले. ती रेघ मात्र त्यांच्या मनातून पुसली गेली नाही.

शिमुलियाच्या शाळेतून परीक्षा देऊन ते ढाका जिल्ह्यात पहिले आले. दरमहा चार रुपयांची सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि १९०५ मध्ये ढाक्याच्या सरकारी कॉलेजिएट शाळेत प्रवेश झाला. जयनाथला तागाच्या कंपनीत महिन्याला वीस रुपये मिळत. त्यातले पाच रुपये तो धाकट्या भावाला पाठवायचा. त्याशिवाय एका समाजसंस्थेचे दोन रुपये मिळत. अकरा रुपयांत महिना काढायचा!

एका दिवसात गेलेली शाळा

१९०५ हे साल इतिहासाच्या शिक्षकांना वेगळं सांगायला नको. त्या वर्षी बंगालची फाळणी झाली. सगळा प्रांत पेटला होता. अशा वेळी गव्हर्नर सर बॅम्फिल्ड फुलर शाळेच्या भेटीला येणार होते. विद्यार्थ्यांनी बहिष्कार घातला, त्यात मेघनादही होता. शिक्षा झाली. शाळेतून काढून टाकलं आणि शिष्यवृत्तीही गेली. वय वर्षं बारा.

मित्रांनो, इथे थोडं थांबा. हाच मुलगा त्या दिवशी गावी परत गेला असता, तर किराणा दुकानात बसला असता आणि आपल्याला त्याचं नावही कळलं नसतं. तसं झालं नाही, कारण ढाक्यातल्याच किशोरीलाल जुबिली शाळेनं त्याला दाखल करून घेतलं आणि फीही माफ केली. काढून टाकलेला मुलगा घ्यायचा की नाही, हा प्रश्न त्या शाळेपुढेही आला असेलच. त्यांनी घेतला. १९०९ मध्ये प्रवेश परीक्षेत तो मुलगा पूर्व बंगालमध्ये पहिला आला.

कोलकाता : मोठे वर्गमित्र, मोठे गुरू आणि वेगळं ताट

ढाका कॉलेजमधून इंटर झाल्यावर १९११ मध्ये मेघनाद कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आले. तो वर्ग म्हणजे सोन्याची खाण होता. सत्येंद्रनाथ बोस वर्गमित्र, प्रशांतचंद्र महालनोबीस एक वर्ष पुढे. शिकवायला जगदीशचंद्र बोस आणि आचार्य प्रफुल्लचंद्र राय. १९१३ ची बी.एस्सी. आणि १९१५ ची एम.एस्सी., दोन्ही परीक्षांत सत्येंद्रनाथ पहिले आणि मेघनाद दुसरे.

पण वसतिगृहात वेगळंच चाललं होतं. काही उच्चवर्णीय विद्यार्थ्यांनी त्यांच्या पंगतीला बसायला नकार दिला. सरस्वतीपूजेच्या वेळीही त्यांना दूर ठेवण्यात आलं. विद्येच्या देवीच्या पूजेत वर्गातल्या सर्वांत हुशार मुलांपैकी एकाला जागा नाही! हा प्रसंग मुलांना सांगायचा की नाही, असा प्रश्न काही शिक्षक विचारतात. माझं मत विचाराल तर जरूर सांगावा. शाळेच्या पोषण आहाराच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसतं, याकडे मग आपलंही लक्ष जातं.

शिक्षण संपलं तेव्हा त्यांनी वित्त सेवेच्या परीक्षेला बसायचं ठरवलं होतं. क्रांतिकारकांशी ओळख असल्याच्या संशयावरून सरकारनं परवानगी नाकारली. मग सायकलवरून शहरभर फिरून शिकवण्या घ्यायच्या आणि घर चालवायचं, असे दिवस आले. १९१६ मध्ये सर आशुतोष मुखर्जी यांनी नव्या विज्ञान महाविद्यालयात त्यांना आणि सत्येंद्रनाथांना शिकवायला घेतलं. साहांची पदवी गणिताची. पुढे ते भौतिकशास्त्र शिकवू लागले, तेव्हा त्यातला बराचसा भाग त्यांना स्वतःच शिकून घ्यावा लागला. वर्गात जायच्या आधी रात्री स्वतः अभ्यास करणारे शिक्षक, म्हणजे आपल्यातलेच एक. याच काळात दोघांनी मिळून आइन्स्टाइनच्या सापेक्षतेवरच्या लेखांचं जर्मनमधून इंग्रजीत भाषांतर केलं. ते कोलकाता विद्यापीठानं प्रसिद्ध केलं.

साहा समीकरण : जत्रेतली गर्दी

शिकवता शिकवता एका प्रश्नानं त्यांना धरून ठेवलं. सूर्याचा प्रकाश लोलकातून नेला की रंगांचा पट्टा दिसतो आणि त्यात बारीक काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या. मग काही ताऱ्यांत कॅल्शियमच्या रेषा ठळक, काहींत हायड्रोजनच्या, तर काहींत हेलियमच्या, असं का? ताऱ्यांत पदार्थच वेगळे आहेत, की दुसरंच काही कारण आहे?

साहांनी १९२० मध्ये याचं उत्तर दिलं. मुलांना सांगताना मी जत्रेचं उदाहरण घेतो. अणू म्हणजे आई आणि इलेक्ट्रॉन म्हणजे तिचं बोट धरलेलं मूल, असं समजा. जत्रेत धक्काबुक्की जितकी जास्त, तितकी बोटं सुटतात. ही धक्काबुक्की म्हणजे तापमान. आता सुटलेलं मूल जवळच्या कोणत्याही मावशीचं बोट धरतं. पण माणसंच विरळ असतील तर ते बराच वेळ एकटं फिरत राहतं. हे विरळ असणं म्हणजे कमी दाब. म्हणून तापमान जास्त आणि दाब कमी असेल तिथे इलेक्ट्रॉन सुटलेले अणू जास्त सापडतात. अशा अणूंना आपण आयन म्हणतो. किती टक्के अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतील हे तापमान आणि दाबावरून सांगणारं जे सूत्र, तेच साहा समीकरण.

याचा परिणाम फार मोठा झाला. ताऱ्याचा वर्णपट पाहून त्याचं तापमान काढता येऊ लागलं. वर्णपट वेगळे दिसतात ते मुख्यतः तापमान वेगळं असल्यामुळे, हे उघड झालं. सूर्यावरच्या डागांत रुबिडियमची खूण सापडायला हवी, असं साहांनी गणितावरून सांगितलं आणि अमेरिकेतल्या हेन्री नॉरिस रसेल यांना ती सापडली. १९२५ मध्ये सेसिलिया पेन या तरुणीनं साहांचं समीकरण वापरून दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजनचे बनलेले आहेत.

आणि हे संशोधन करणाऱ्याच्या खिशाची अवस्था काय होती? त्याच सुमारास त्यांनी प्रकाशाच्या दाबाविषयी एक निबंध अमेरिकेतल्या नामांकित नियतकालिकाकडे पाठवला होता. निबंध लांब असल्यानं छपाईच्या खर्चाचा काही भाग तुम्ही द्या, असं उत्तर आलं. तेवढे पैसे त्यांच्याकडे नव्हते. शेवटी तो विद्यापीठाच्या छोट्या अंकात छापला गेला आणि जगात फार थोड्यांनी वाचला.

मान वर करून पाहिलं तेव्हा

इंग्लंड आणि जर्मनीत काम करून साहा परतले. १९२३ मध्ये ते अलाहाबाद विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि पुढची पंधरा वर्षं तिथे राहिले. शिकवण्याचं ओझं प्रचंड, प्रयोगशाळेत साधनं जवळजवळ नाहीत. १९२७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्यांना फेलो म्हणून निवडलं. त्यानंतर प्रांताच्या गव्हर्नरांकडून संशोधनासाठी दरवर्षी पाच हजार रुपये मिळू लागले.

इथेच आपला वातावरणाचा पाठ येतो बरं का.

त्या काळात रेडिओ नवा होता. पृथ्वी गोल आहे, रेडिओ लहरी सरळ जातात, मग त्या समुद्रापलीकडे पोहोचतात कशा? वर कुठेतरी वीजवाहक थर आहे आणि त्यावर आपटून लहरी परत येतात, असं १९०२ मध्ये सुचवलं गेलं होतं. १९२४ मध्ये इंग्लंडमध्ये अ‍ॅपलटन यांनी ते प्रयोगानं सिद्ध केलं. विहिरीत हाक मारली की प्रतिध्वनी किती वेळानं येतो त्यावरून खोली कळते ना, तसंच हे. वर लहर सोडायची, परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. शंभर किलोमीटरच्या आसपास एक थर आणि दोन-तीनशे किलोमीटरवर दुसरा, असे थर सापडले. तेच आपलं आयनांबर. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे. वर कोणी गेलं नव्हतं, पण प्रतिध्वनी मोजता येत होता.

साहा आणि त्यांच्या अलाहाबादच्या विद्यार्थ्यांनीही असे प्रतिध्वनी नोंदवायला आणि त्यांचं गणित मांडायला सुरुवात केली. कोलकात्यात शिशिरकुमार मित्र यांचा गट हेच काम करत होता. भारतात आयनांबराचा अभ्यास असा दोन ठिकाणी वाढला.

पण तिथे अणूंचे इलेक्ट्रॉन सोडवतं कोण? ताऱ्यांत ते काम उष्णता करते. इथे ते काम सूर्याचे अतिनील किरण करतात. आपल्याला दिसणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा. लांबी जितकी कमी तितका किरणाचा फटका जोराचा. २४२ नॅनोमीटरपेक्षा आखूड किरण ऑक्सिजनच्या रेणूचे दोन तुकडे करू शकतो, त्यातूनच ओझोन तयार होतो. ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन उडवायला १०३ नॅनोमीटरपेक्षा आखूड किरण लागतो आणि नायट्रोजनच्या रेणूतून उडवायला ८० पेक्षाही आखूड.

आता अडचण बघा. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण सहा हजार अंश. एवढ्या तापमानाची वस्तू ८० नॅनोमीटरचे किरण अगदी नगण्य सोडते. म्हणजे गणिताप्रमाणे वर इलेक्ट्रॉन फार थोडे असायला हवेत. पण रेडिओच्या प्रतिध्वनीवरून तर ते भरपूर दिसत होते. हिशेब जुळत नव्हता. दुकानदाराच्या मुलाला न जुळलेला हिशेब डोळ्याआड करणं कसं जमणार?

१९३७ मध्ये साहांचा वरच्या वातावरणावर सूर्याच्या अतिनील किरणांच्या परिणामाविषयीचा निबंध रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्यात त्यांनी नायट्रोजन आणि ऑक्सिजनवर कोणता किरण काय करतो याचा हिशेब मांडला आणि म्हणणं असं मांडलं की सूर्य दिसणाऱ्या प्रकाशात सहा हजार अंशांच्या वस्तूसारखा वागत असला, तरी आखूड अतिनील किरणांत तो त्याहून कितीतरी पटींनी तेजस्वी असला पाहिजे. वातावरणाच्या छतावर काय घडतंय यावरून त्यांनी सूर्याविषयी निष्कर्ष काढला होता.

कागदावर राहिलेली वेधशाळा

हे तपासायचं कसं? जमिनीवरून ते शक्यच नव्हतं. ओझोनचा थर साधारण ३०० नॅनोमीटरच्या खालचे किरण अडवतो. ते अडतात म्हणून तर आपण जिवंत आहोत. पण त्यामुळे जमिनीवरच्या शास्त्रज्ञाला सूर्याच्या वर्णपटाचा तो भाग कधीच दिसत नाही.

१९३६ मध्ये साहांना परदेश प्रवासाची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते अमेरिकेत हार्वर्ड वेधशाळेत गेले. तिथे असताना त्यांनी एक योजना लिहिली. सूर्याचा वर्णपट टिपणारं उपकरण ओझोनच्या थराच्याही वर न्यायचं आणि तिथून सूर्याकडे पाहायचं. स्थितांबरातली सौर वेधशाळा! त्या काळातला सर्वांत मोठा माणसांसहित गेलेला फुगा जेमतेम २२ किलोमीटर उंच पोहोचला होता आणि ओझोन ओलांडायला त्याच्या दुपटीच्या आसपास उंची हवी होती. योजना हार्वर्डच्या पत्रिकेत छापली गेली आणि तिथेच राहिली. गुलाम देशातल्या प्राध्यापकाकडे अशी वेधशाळा उभी करायला साधनं कुठली?

पुढे दहा वर्षांनी, १० ऑक्टोबर १९४६ रोजी, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातून एक व्ही-२ रॉकेट उडालं. हे मूळचं जर्मनीचं युद्धातलं अस्त्र. त्याच्या शेपटीच्या पंखात नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या रिचर्ड टाउसी यांच्या गटानं वर्णपटमापक बसवला होता. त्याच वर्षी जूनमध्ये असाच एक प्रयत्न झाला होता, पण रॉकेट जमिनीत इतकं खोल घुसलं की फिल्म सापडलीच नाही. या वेळी फिल्म वाचली. ओझोनच्या वरून टिपलेला सूर्याचा अतिनील वर्णपट माणसानं पहिल्यांदा पाहिला. १९५२ मध्ये हायड्रोजनची १२१.६ नॅनोमीटरची ठळक रेषाही रॉकेटमधून टिपली गेली. सूर्याच्या पृष्ठभागावर पसरलेलं वर्णावरण आणि त्याबाहेरचा दहा लाख अंशांच्या पुढे तापलेला किरीट हेच या आखूड किरणांचं उगमस्थान, हे हळूहळू स्पष्ट झालं. साहांचा न जुळणारा हिशेब इथे जुळला. मोजमाप मात्र दुसऱ्यांच्या हातून झालं.

याचा आपल्या जगण्याशी काय संबंध?

पालक हा प्रश्न हमखास विचारतात. उत्तर आहे. सूर्याचा दिसणारा प्रकाश अकरा वर्षांच्या सौरचक्रात जेमतेम ०.१ टक्का बदलतो, पण हे अतिआखूड किरण त्याच काळात दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होतात. ते वाढले की वरची हवा तापते, फुगते आणि उंचावरून फिरणाऱ्या उपग्रहांना घासू लागते.

१९७९ सालचं स्कायलॅब आठवतंय? ते कुठे पडणार याची भारतात केवढी धास्ती होती, हे घरातल्या आजी-आजोबांना विचारा. अमेरिकेची ही अवकाश प्रयोगशाळा अपेक्षेपेक्षा लवकर खाली आली, याचं एक मोठं कारण म्हणजे त्या काळात सूर्य जास्त सक्रिय होता आणि वरची हवा फुगली होती. ११ जुलै १९७९ रोजी तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले.

म्हणूनच आज सूर्याचे अतिनील किरण उपग्रहांवरून रोज मोजतात. शिवाय कॅनडात १९४७ पासून सूर्याच्या १०.७ सेंटीमीटरच्या रेडिओ लहरी रोज मोजल्या जातात. या लहरी जमिनीपर्यंत पोहोचतात आणि अतिनील किरणांसोबत कमीजास्त होतात. तो आकडा संगणकावरच्या गणिती प्रतिकृतीत घातला की वरच्या हवेची घनता आणि तापमान किती असेल याचा अंदाज येतो. आपल्या मोबाईलमधला रस्ता दाखवणारा नकाशासुद्धा आयनांबरातून येणाऱ्या संकेतांवर चालतो. त्या थरात इलेक्ट्रॉन किती आहेत हे गृहीत धरूनच तो जागा दाखवतो.

प्रयोगशाळेबाहेरचे साहा

साहा केवळ ताऱ्यांत रमले नाहीत. १९३५ मध्ये त्यांनी सायन्स अँड कल्चर हे मासिक सुरू केलं. लहानपणी पूर पाहिलेला हा माणूस दामोदर नदीच्या पुराविषयी सतत लिहीत राहिला. पुढे दामोदर खोरे महामंडळ उभं राहिलं, त्यामागे या लिखाणाचाही वाटा होता. १९३८ मध्ये ते कोलकात्याला परतले. तिथे त्यांनी उभारलेली अणुभौतिकी संस्था आज त्यांच्या नावानं ओळखली जाते. नोबेलसाठी त्यांचं नाव अनेकदा सुचवलं गेलं, पण पुरस्कार मिळाला नाही. १९५२ मध्ये ते कोलकात्यातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले आणि सरकारला अडचणीचे प्रश्न विचारत राहिले.

मराठी वाचकांसाठी एक खास गोष्ट. आपल्या दिनदर्शिकेत भारतीय सौर म्हणून जी तारीख छापलेली असते, ती साहांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीची देणगी. या समितीत नागपूरचे डॉ. के. ल. दफ्तरी आणि पुण्याचे, केसरीचे माजी संपादक ज. स. करंदीकर हेही होते. देशात तेव्हा तीसच्या आसपास पंचांगं चालू होती. समितीनं शक संवत धरून एक सौर दिनदर्शिका सुचवली आणि २२ मार्च १९५७ म्हणजे १ चैत्र १८७९ पासून ती राष्ट्रीय दिनदर्शिका झाली.

ती पाहायला साहा मात्र राहिले नव्हते. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे चालत जात असताना हृदयविकाराचा झटका येऊन त्यांचं निधन झालं. वय ६२.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

१. घरात जुना ट्रान्झिस्टर असेल तर मीडियम वेव्ह लावून दुपारी किती केंद्रं लागतात ते मुलांना लिहायला सांगा. तेच रात्री नऊनंतर करा. रात्री दूरची केंद्रं लागतात. कारण आयनांबराचा सर्वांत खालचा थर दिवसा या लहरी शोषून घेतो, आणि सूर्य मावळला की तो जवळजवळ नाहीसा होतो. अतिनील किरणांचा परिणाम कानांनी ऐकायचा हा बिनखर्चाचा प्रयोग आहे.

२. वर्तमानपत्राचा एक कागद उन्हात आणि एक कपाटात ठेवा. महिन्यानं रंग ताडून पाहा. उन्हातला कागद पिवळा का पडला, यावर चर्चा घ्या.

३. दिनदर्शिकेतली आजची भारतीय सौर तारीख रोज फळ्यावर लिहा. महिनाभरात मुलं ती स्वतःहून सांगू लागतात.

४. चर्चेसाठी प्रश्न : साहांना शाळेतून काढलं तेव्हा दुसऱ्या शाळेनं घेतलं नसतं तर? पंगतीत वेगळं बसवलेल्या मुलाच्या मनात काय येत असेल? मुलांना लिहू द्या, लगेच दुरुस्त करू नका.

शेवटी

२ सप्टेंबर २०२३ रोजी भारताचं आदित्य एल-१ यान सूर्याच्या अभ्यासासाठी निघालं. जानेवारी २०२४ मध्ये ते पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरच्या आपल्या जागी पोहोचलं. त्यावर सूट नावाची एक दुर्बीण आहे. ती २०० ते ४०० नॅनोमीटरच्या अतिनील किरणांत सूर्याची चित्रं टिपते, आणि ती बनली आहे आपल्या पुण्यात, आयुका या संस्थेत. वातावरणाच्या वर जाऊन सूर्याकडे पाहायची जी योजना १९३६ मध्ये कागदावर राहिली, तिचं हे भारतीय रूप.

त्या सातवीतल्या मुलीला मी हे सगळं नंतर सांगितलं. तिनं विचारलं, ते डॉक्टर आणि ती दुसरी शाळा, त्यांना कळलं का हो, तो मुलगा एवढा मोठा झाला ते? याचंही उत्तर मला देता आलं नाही. पण तेव्हापासून वर्गात उशिरा प्रवेश घ्यायला आलेल्या, फी राहिलेल्या, कुठून तरी काढून टाकलेल्या मुलाकडे मी जरा जास्त वेळ बघतो.

पाठ आवडला तर आपल्या शाळेच्या गटात जरूर पाठवा आणि रेडिओचा प्रयोग केलात तर किती केंद्रं लागली ते कळवा.